मधमाश्यांवरच्या कोळ्यांसाठी फॉर्मिक ॲसिड चालू असताना ऑक्झॅलिक ॲसिडही द्यावं का?

देवगडची काजूबाग
मेलिफेराच्या, म्हणजे युरोपीय मधमाशीच्या, सहा पेट्या आहेत, पडवीत आपल्या देशी सातेरीच्या दोन. परवा एका पेटीच्या दाराशी पंख चुरगळलेल्या माश्या सरपटताना दिसल्या. एक तळहातावर घेतली, तर पोटाला तिळाहून लहान, तांबूस, चपटा कोळी चिकटलेला. व्हरोआच. फॉर्मिकची बाटली वात घालून ठेवलीय, आज पाचवा दिवस. ऑक्टोबरचा उकाडा, दुपारी पारा ३३ वर. जानेवारीत काजू फुलेल, तोवर वसाहती भरायला हव्यात. सोबत ऑक्झॅलिकही दिलं तर लवकर आटपेल का?

दापोलीचा मधपाळ
दादा, नका देऊ. मी गेल्या वर्षी घाईने दोन्ही दिली होती. तिसऱ्या सकाळी तळपाट ओढला तर माश्यांच्या खचात राणी मरून पडलेली. अजून डोळ्यांपुढून जात नाही.

फॉर्मिकची वाफ पिलांच्या मेणाचं टोपण घातलेल्या घरांत शिरते, म्हणून ते चांगलं. पण साधारण ३० अंशांवर वाफ भसकन सुटते आणि राणी जाते. तेव्हा बाटली आजच काढा. ऑक्झॅलिक फक्त माश्यांच्या अंगावरचे कोळी मारतं, टोपणाआडचे सुटतात. म्हणून आधी पिलावा, म्हणजे नवी अंडी-अळ्या, थांबवायचा. राणी २४ दिवस पिंजऱ्यात ठेवा. कामकरी २१ दिवसांत बाहेर पडते, नर २४. राणी सोडाल त्याच दिवशी संध्याकाळी ऑक्झॅलिक द्या: साखर-पाणी समभाग, १ लिटर पाकात ३५ ग्रॅम, दोन चौकटींमधल्या माश्यांवर ५ मिली, पेटीला ५० मिलीच्या वर नाही. एकदाच. मधकोठी काढलेली हवी, हातमोजे आणि चष्मा हवाच. नोव्हेंबरपासून राणी अंडी घालेल, काजूला माश्या मिळतील.

पण आधी मोजा. अर्धा कप, म्हणजे साधारण ३०० माश्या बरणीत घ्या, पिठीसाखर टाकून हलवा, जाळीतून चाळा. ९ च्या वर कोळी पडले तरच हे सगळं करा.

राजापूर
आणि फ्लुव्हॅलिनेट या कोळीनाशकाच्या पट्ट्यांचा मोह नको. ते मेणात मुरून बसतं.

देवगडची काजूबाग
आणि सातेरीला काय देऊ?

दापोलीचा मधपाळ
काहीच नाही. व्हरोआ मूळचा तिचाच. तिच्याकडे तो नरांच्याच घरांत वाढतो, शिवाय ती त्याला अंगावरून ओढून काढते. तिच्या अळ्या पिशवीसारख्या फुगतात का, तेवढं बघत राहा. तो सॅकब्रूड, विषाणूचा रोग, त्यावर यातलं काही चालत नाही.

देवगडची काजूबाग
साखर चाळली. १४ निघाले. बाटली काढलीय, पिंजरा उद्या सकाळी लावतो.