मदत हवी आहे: ५ नोव्हेंबर २०२४च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीची धास्ती

मंडळी, मी न्यू जर्सीत एच-१बीवर (नोकरीसाठीचा तात्पुरता व्हिसा). बायको एच-४ ईएडीवर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला मिळणारा कामाचा परवाना) नोकरी करते. ट्रम्प पुन्हा आले तर काय, या विचाराने झोप उडालीये. आपल्याला मतदानाचा हक्क नाही, नुसतं बघत बसायचं, याचाच जास्त संताप येतो. २०१७ मध्ये त्यांच्या सरकारने एच-४ ईएडी रद्द करायचा घाट घातला होता (नियम शेवटपर्यंत निघाला नाही, नशीब!). जून २०२० मध्ये तर देशाबाहेरच्या नव्या एच-१बीवाल्यांना प्रवेशबंदीच झाली.

डिसेंबरात पुण्यात बहिणीचं लग्न आहे, परत यायला तिथेच नवा व्हिसा स्टॅम्प घ्यावा लागेल. २० जानेवारीच्या शपथविधीआधी परतलं तर भागेल, की बायकोने इथेच थांबावं? वकील नुसतं ‘बघू’ म्हणतो. ट्रम्पच्या पहिल्या कारकिर्दीत इथे असलेल्यांनी काय केलं होतं, सांगाल का?