मदत हवी आहे: शॉन कॉनरीच्या जपानी कंपनीवाल्या सिनेमावर एवढी टीका का झाली?

निळीशाई: उद्या संध्याकाळी टिपण द्यायचंय आणि मी अडकलेय. खुनी जपानी दाखवला म्हणून निदर्शनं झाली, असं लिहून बसले. आज एका परीक्षणात वाचलं, खुनी अमेरिकन! मग टीका कशावर होती? प्लीज लवकर सांगा.

रातराणी: सिनेमाचं नाव? पाहिलायस का?

निळीशाई: रायझिंग सन, १९९३. दुसरा कुठला असणार! सिनेमा मिळाला नाही. मायकेल क्रायटनची कादंबरी वाचलीय.

कोकणकडा: मग घोळ तिथेच आहे. कादंबरीत खुनी इशिगुरो, म्हणजे जपानी. दिग्दर्शक फिलिप कॉफमनने बदलून अमेरिकन केला. मतभेद झाले आणि क्रायटन पटकथेच्या कामातून बाहेर पडला. आधी हे सांगितलं असतंस तर पहिल्याच फटक्यात उत्तर मिळालं असतं.

तालवेडा: संगीतावर लिहा! तोरू ताकेमित्सु, म्हणजे जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या 'रान' सिनेमाचे संगीतकार. पार्टीतले जपानी तायको ढोल हेडफोन लावून ऐका.

निळीशाई: संगीत नकोय हो. खुनी बदलला, तरी निदर्शनं का?

रातराणी: कारण एक नाव बदलून संशयाचं वातावरण बदलत नाही. कॉनरी जोडीदार पोलीस वेस्ली स्नाइप्सला बजावतो, जपान्यांसमोर हातवारे करू नकोस, हात खाली ठेव. अख्खा समाज असा सूचनापुस्तिकेसारखा समजावला जातो, आणि समजावणारा गोरा. १९८२ मध्ये डेट्रॉइटला, म्हणजे अमेरिकी मोटारींच्या शहरात, व्हिन्सेंट चिनला मारहाण करून ठार केलं, तेव्हा जपानी गाड्यांवरचा राग धुमसत होता. तो तर चिनी वंशाचा होता. आशियाई-अमेरिकन संघटना घाबरणारच.

जुनाहिशेब: एवढं एकतर्फी नको. १९८९ मध्ये जपानच्या सोनीने कोलंबिया पिक्चर्स घेतली, मित्सुबिशी इस्टेटने न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये मोठा हिस्सा. पुढच्या वर्षी जपानच्याच मात्सुशिताने युनिव्हर्सल स्टुडिओची मालक कंपनी एमसीए घेतली. अमेरिकनांची धास्ती हवेतली नव्हती.

रातराणी: ब्रिटिश कंपन्यांचाही तिथे प्रचंड पैसा होता. त्यांची धास्ती का नाही वाटली?

जुनाहिशेब: ब्रिटिश गाड्यांनी डेट्रॉइटचे कारखाने बंद पाडले नाहीत.

कोकणकडा: तुम्ही दोघं वेगळा धागा काढा. निळीशाई, हे लिही: सिनेमा आला तोवर जपानच्या अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला होता, त्यामुळे भीती शिळी वाटली. समीक्षकांनी कॉनरीचं कौतुक केलं, गुंतागुंतीच्या कथानकाला नावं ठेवली. माझ्या मते खुनी बदलल्याने कादंबरीची धारही गेली आणि आक्षेपही मिटले नाहीत. पण आधी सिनेमा बघच.

निळीशाई: उद्यापर्यंत कुठून बघू! पण धार आणि आक्षेप, हा मुद्दा घेते. खूप आभार.

तालवेडा: खुनाचं सुरक्षा कॅमेऱ्यातलं चित्रण कादंबरीत टेपवर आहे, सिनेमात डिस्कवर. तेही घाला.