मदत हवी आहे: हृदयाच्या ठोक्यांसाठी रेडिएशन, कोणी घेतलंय का?

नमस्कार मंडळी. आमचे आण्णा, वय ६८, गाव गंगाखेडजवळ. मागं मोठा अटॅक येऊन गेला, पंपिंग कमी झालंय, छातीत आयसीडी आहे, म्हणजे ठोके बिघडले की शॉक देणारं छोटं मशीन. त्रास असा की व्हीटी होते, म्हणजे खालच्या कप्प्यातून ठोके एकदम सुसाट सुटतात अन् मशीन शॉक देतं. मध्यंतरी एका रात्रीत लागोपाठ शॉक बसले, पूर्ण शुद्धीत असताना, खाटेवर माणूस उडत होता हो. तेव्हापासून बाथरूमची कडी आतून लावत नाहीत, शेतात एकटे जात नाहीत, खिशातला मोबाईल थरथरला तरी छातीवर हात जातो.

कॅथेटरनं ॲब्लेशन, म्हणजे नसेतून नळी घालून हृदयातली खराब जागा जाळणं, एकदा झालंय, थोडे दिवस बरं गेलं अन् परत चालू. ठोक्यांसाठीच्या ॲमिओडॅरोन गोळीनं थायरॉईड बिघडलं, डोस वाढवायला डॉक्टर तयार नाहीत. आता भाचा म्हणतो की कॅन्सरला ज्या लिनॅकवर शेक देतात त्याच मशीनवर हृदयातल्या खराब जागेवर नेम धरून एकदाच रेडिएशन देतात, चिरफाड नाही काही नाही. पण आमच्या चुलतीला डाव्या स्तनाच्या कॅन्सरला शेक चालू होता तेव्हा हृदयाला किरणं लागू नयेत म्हणून दर वेळी श्वास रोखायला लावायचे, अन् इथं मुद्दाम हृदयावरच? डोक्यात बसंना. हार्टवाले म्हणले रेडिएशनवाल्यांना विचारा, रेडिएशनवाले म्हणले हार्टवाल्यांचं पत्र आणा. कोणाला माहिती असेल तर सांगा, अन् महात्मा फुले योजनेत बसतं का तेपण.

बालाघाटचा_वारा:
भाऊ, भाचा बरोबर सांगतोय पण अर्धं. २०१७ ला अमेरिकेत सेंट लुईसच्या डॉक्टरांनी ५ पेशंटचा रिपोर्ट छापला, एकदाच २५ ग्रे (किरणांचं माप) डोस. आधीच्या तीन महिन्यांत पाचही जणांना मिळून ६५७७ वेळा व्हीटी आली होती, उपचारानंतरचे पहिले सहा आठवडे सोडले तर पुढं जवळपास बंदच. आकडा बघून हुरळू नका, पेशंट पाचच होते. नंतर मोठ्या गटातही फायदा दिसला, पण काहींना परत व्हीटी आलीच. फुप्फुसाला सूज, हृदयाच्या आवरणात पाणी असे त्रासही निघालेत, अन् काही त्रास उशिरा निघतात.

चुलतीचं म्हणाल तर तिथं हृदय वाचवायचं असतं, इथं अटॅकनं आधीच मेलेला डाग अन् त्याच्या कडेची जागा धरतात, बाकीचं हृदय, जठर जमेल तेवढं बाजूला ठेवून. म्हणून त्या खराब जागेचा नकाशा आधी लागतो, सीटी, ईसीजी, जमलं तर छातीभर इलेक्ट्रोडचा जॅकेट घालून. हे अजून अभ्यासातलंच आहे, ॲब्लेशन अन् गोळ्या हरल्या की मग. त्यामुळं आधी ईपीवाल्या कार्डिओलॉजिस्टला, म्हणजे ठोक्यांच्याच स्पेशालिस्टला, विचारा की दुसऱ्यांदा ॲब्लेशन जमतं का. पत्र लिहायचं तर त्यांनीच. योजनेचं नंतर बघू, आधी आण्णा यात बसतात का ते कळू द्या. अन् गोळ्या मनानं बंद करू नका!

धागाकर्ता:
लई उपकार दादा. पहिल्या ॲब्लेशनचा नकाशा आमच्याकडं नाही, डिस्चार्ज कार्डावर दोनच ओळी लिहिल्यात. तो मागता येतो का? अन् मशीनमधली शॉकची नोंद कंपनीचा माणूस येऊन काढतो, त्याची प्रिंट आपल्याला देतात का नाही?

बालाघाटचा_वारा:
दोन्ही मागा, लेखी अर्ज देऊन. शॉकच्या रात्रीच्या ठोक्यांची छापील पट्टी आवर्जून घ्या, ईपीवाले पहिलं तेच बघतात.