मोडी तारखांचा आमचा कोड ओमेकाला द्यायचा की घरीच ठेवायचा?

पेठेतला पोरगा
आमच्या पेठेतल्या वाचनालयाची जुनी कागदपत्रं आम्ही चौघं ओमेकावर चढवतोय. २०१९ला पंचगंगेचं पाणी खालच्या कपाटाला लागलं तेव्हापासूनचं हे खूळ. ओमेका म्हणजे अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्रानं २००८ मध्ये काढलेलं सॉफ्टवेअर, संग्रहालयं-ग्रंथालयांसाठी. फुकट, आणि कोड सगळ्यांना खुला.

त्यात आम्ही दोन बदल केलेत. पहिला, शुहूर सन, म्हणजे जुन्या मोडी कागदांवरची मराठेशाहीतली वर्षगणना, टाकला की इसवी सन मिळतो. दुसरा शोधाचा. 'शेतकऱ्यांचे' हा शब्द टाईप करायच्या दोन तऱ्हा आहेत, एक 'ऱ' घेऊन आणि एक साध्या 'र'ला जोडचिन्ह लावून: शेतकऱ्यांचे, शेतकर्‍यांचे. डोळ्यांना एकच, मशीनला दोन. एक शोधला की दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलेले शेतकऱ्यांचे अर्ज गायब. आम्ही शोधताना दोन्ही एकच धरायला लावले.

माझं म्हणणं, हे दोन्ही मूळ प्रकल्पाकडे पाठवावं. आमच्यातल्या एकाचं ठाम मत, अजिबात नको. त्यानं इथंच बोलावं.

राजारामपुरी सातवी गल्ली
तो एक मीच. भावा, पाठव म्हणणं सोपं आहे. पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'आमचा बदल घ्या' अशी विनंती, टाकायची, इंग्रजीत समजावायचं, टेस्ट लिहायच्या, मग वाट बघायची. तिकडच्या माणसाला शुहूर सन काय आणि हडप्पा काय, दोन्ही सारखंच. तोवर आपली स्कॅन केलेली पुडकी तशीच पडून. ओमेकाचं जीपीएल लायसन्स वाच एकदा. आपल्याच सर्व्हरवर चालवताना बदल परत द्यायची सक्ती नाही, कुणाला सॉफ्टवेअर वाटलं तरच कोड द्यावा लागतो. आधी घरातला दिवा लावू.

पेठेतला पोरगा
सक्तीचं कोण बोललं? गेल्या दिवाळीत तूच नवी आवृत्ती चढवलीस, आणि मूळ फायलींतले आपले बदल पुसले गेले. रात्री दोन वाजता तुझ्याच जुन्या लॅपटॉपवरून परत आणले. उद्या तुला पुण्यात नोकरी लागली तर तो लॅपटॉपही पुण्याला जाणार.

राजारामपुरी सातवी गल्ली
ते झालं, कबूल. पण त्यावर औषध म्हणजे बदल वेगळ्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे मूळ फायलींना हात न लावता बाजूनं जोडलेल्या कोडात, ठेवणं. अमेरिकेला अर्ज करणं नव्हे.

शाहूपुरीची ताई
मी ग्रंथालयात कोहा वापरते, तेही असंच खुलं सॉफ्टवेअर. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय न्यासासाठी ते बनलं, २००० साली चालू झालं, आणि आज आम्ही इथं त्यावर पुस्तकं देतो-घेतो. त्यांनी घरातच ठेवलं असतं तर? 'ऱ्या'ची अडचण तर मराठी टाईप करणाऱ्या प्रत्येकाची. तारखांचं मात्र मूळ कोडात कशाला घुसवता? तिथं राजारामपुरीचं बरोबर आहे. वेगळं मॉड्यूल करा, पण ते गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांना बघता येतो त्या साईटवर, उघडं ठेवा.

मोडीवाले आण्णा
तुम्ही पोरं कोड कुठं ठेवायचा यावर भांडताय. कोडच चुकीचा आहे.

शुहूर सनात ५९९ मिळवताय तुम्ही. वर्ष लागतं मृगाला, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९, जानेवारी ते पुढच्या मृगापर्यंत ६००. त्यात वर्ष सौर, पण कागदावर महिने मुसलमानी चांद्र, ते दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. तुमच्या यादीतलं 'छ १० मोहरम, इसन्ने सबैन मया व अलफ' हे पत्र बघा. 'छ' म्हणजे चंद्र, चांद्र तारीख; पुढचे शब्द दोन, सत्तर, शंभर आणि हजार. म्हणजे ११७२. तुम्ही १७७१ लिहिलंय. त्या साली मोहरम एप्रिलात आला, म्हणून ते एप्रिल १७७२ चं. करवीरकर, म्हणजे कोल्हापूरच्या, राणी जिजाबाईंच्या कारभाराच्या अखेरच्या काळातला कागद तुम्ही वर्षभर मागं नेऊन ठेवलात.

मला कोड कळत नाही. माझ्या वहीत तारखांची जंत्री आहे, चाळीस वर्षांत जमवलेली. फोटो पाठवतो. पण बदल कुणी सुचवला त्या रकान्यात माझं नाव पाहिजे. पोरांनी जंत्र्या उतरवून घेतल्या आणि आमचं नाव गाळलं, हे पूर्वी झालंय.

पेठेतला पोरगा
आण्णा, चूक माझीच. ते ५९९ मीच एका ओळीत लिहून मोकळा झालो होतो. हेच उघड्यावर असतं तर तुमच्यासारख्या कुणी तरी आधीच कान पकडला असता.

राजारामपुरी सातवी गल्ली
आण्णांनी पकडलं ते इथं बसून, गिटहबवर नाही. उघडं ठेवलं म्हणजे लगेच जाणकार येतात असं नाही रे.

शाहूपुरीची ताई
आण्णांना गिटहब कोण दाखवणार, हाही प्रश्नच की.

राजारामपुरी सातवी गल्ली
ठीक. 'ऱ्या'चा बदल पाठवतो, इंग्रजी ताई लिहिणार असतील तर. तारखांचं मॉड्यूल आण्णांच्या वहीतली दहा पत्रं बरोबर लागल्याशिवाय मी कुठं ठेवू देणार नाही.

मोडीवाले आण्णा
दहा कशाला, वीस देतो. शनिवारी सकाळी या, दुपारी मी झोपतो. वही घरातून बाहेर जाणार नाही.