गावी चार्जरवर लाल दिवा येतोय, गाडी चार्ज होत नाहीये. तातडीने मदत हवी आहे

पडवी (शनिवार, सकाळी ९:४०)
नवीन इलेक्ट्रिक गाडी घेऊन तीन आठवडे झाले. काल रात्री गावी आलो. चार्जर लावला की दोन सेकंद हिरवा आणि मग लाल. सगळं करून बघितलं. उद्या सकाळी निघायचंच आहे. कंपनीचा मदत क्रमांक "सर्व्हिस सेंटरला गाडी आणा" म्हणतोय. कोणाला माहीत असेल तर लगेच सांगा प्लीज.

घाटवाट (९:५२)
गाडी कुठली? गाव कुठलं? चार्जर कुठला, भिंतीवरचा की गाडीबरोबर आलेला? "सगळं करून बघितलं" म्हणजे नक्की काय केलं? हे कळल्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही.

दिवाबत्ती (९:५८)
स्टॅबिलायझर घ्या. मे महिन्यात खेड्यात व्होल्टेज मिळतच नाही. आमच्याकडे संध्याकाळी १७० वर येतं, फ्रीजसुद्धा धरत नाही. पाच केव्हीएचा चांगला घ्या, प्रश्न कायमचा सुटेल.

पडवी (१०:०५)
कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, उगाच त्यावर वाद नकोत. बॅटरी ४० युनिटची, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची. चार्जर गाडीबरोबर आलेला, तीन पिनांचा. पुण्यात घरी रोज याच चार्जरने करतो, एकदाही अडचण आली नाही. गाव गुहागर तालुक्यात, शृंगारतळीच्या पुढे. आता ३१ टक्के आहे. आणि आज शनिवार, इथे पाच केव्हीएचा स्टॅबिलायझर कुठून आणू?

ओहमचा_नियम (१०:११)
ताई, पुण्यात चालतो म्हणजे चार्जर आणि गाडी दोन्ही ठीक आहेत. दोष घरच्या वायरिंगमध्ये आहे, आणि दहातल्या नऊ वेळा तो आर्थिंगमध्ये असतो. हा चार्जर सुरू व्हायच्या आधी आर्थिंग तपासतो, मिळालं नाही तर करंट सोडतच नाही. दोन सेकंद हिरवा दिसतो ते त्या तपासणीचे. सॉकेट कुठला आहे? पाच अँपिअरचा की पंधराचा? घरात इन्व्हर्टर आहे का?

रत्नांग्री (१०:२०)
आमच्याकडेही हेच झालं होतं. सोपा उपाय आहे. सॉकेट उघडून आर्थची पिन न्यूट्रलला जोडायची, छोटी वायर लागते. चार्जरला वाटतं आर्थिंग आहे, लगेच सुरू होतो. दीड वर्ष वापरतोय, काही झालं नाही.

ओहमचा_नियम (१०:२४)
कृपा करून हे कोणीही करू नका. ताई, तुम्ही तर अजिबात करू नका. खांबावरून येणारी न्यूट्रल कधी सैल झाली किंवा तुटली, की घरात चालू असलेल्या फ्रीज-दिव्यांमधून फेज उलट न्यूट्रलवर येतो. तुम्ही आर्थ तिलाच बांधलेली, म्हणजे तो थेट गाडीच्या पत्र्यावर. अंगणात अनवाणी पोरं खेळत असतात. गाडीच्या दाराला कोणी हात लावला तर काय होईल याचा विचार करा. कोकणात वाऱ्यापावसात वायर तुटणं ही रोजची गोष्ट आहे. मी वीस वर्षं हेच काम करतोय, अशा घरात जाऊन आलोय.

रत्नांग्री (१०:३१)
पुस्तकात सगळंच धोकादायक असतं. माणूस अडकला असताना कायद्याची कलमं सांगून काय उपयोग? दीड वर्ष चाललंय म्हणून सांगितलं.

घाटवाट (१०:३३)
दीड वर्षात न्यूट्रल तुटली नाही एवढंच ते. ओहमसाहेबांशी सहमत.

पडवी (१०:४०)
नाही, मी असलं काही करणार नाही. घरात दोन लहान मुलं आहेत.
सॉकेट पाच अँपिअरचा आहे पण प्लग त्यात बसत नाही, म्हणून एक्स्टेंशन बोर्ड लावलाय, त्याला मोठा सॉकेट आहे. इन्व्हर्टर नाही.

ओहमचा_नियम (१०:४३)
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं! एक्स्टेंशन आधी काढा. साध्या बोर्डाची वायर बहुतेक वेळा दोनच तारांची असते, आर्थची तारच नसते तिच्यात. त्यात पाच अँपिअरच्या वायरिंगवर दहा अँपिअर बारा-चौदा तास ओढलेत तर बोर्ड वितळेल. लाल दिवा आला म्हणून वाचलात. घरात पंपासाठी पंधराचा सॉकेट असेलच. गाडी तिथपर्यंत न्या.

करबचत (१०:५०)
इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जाच्या व्याजावर आयकराच्या कलम ८० ईईबीखाली दीड लाखापर्यंत सूट मिळते. नवीन मालकांना हे कोणी सांगत नाही. अर्ज केला का?

घाटवाट (१०:५५)
ती सूट १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. यांची गाडी तीन आठवड्यांची आहे. इथे चार्जरचं चाललंय.

करबचत (१०:५८)
बरं. टोल तरी माफ आहे ना?

घाटवाट (११:०१)
अटल सेतूवर २२ ऑगस्ट २०२५ पासून आहे. पुणे-सातारा राष्ट्रीय महामार्ग, तिथे राज्याची माफी चालत नाही.

पडवी (११:४८)
पंपाचा सॉकेट विहिरीकडच्या भिंतीवर आहे. चार्जरची केबल पाच मीटर, म्हणून गाडी मागे घेत घेत तुळशीवृंदावनाच्या अगदी जवळून नेली, एका बाजूला वीतभर जागा राहिली. पंप काढून चार्जर थेट लावला.
परत लाल.

दिवाबत्ती (११:५५)
मी पहिल्यापासून सांगतोय. व्होल्टेज.

मळभ (१२:०२)
एक महत्त्वाचं सांगते. गावी दोन-तीन आठवडे गाडी नुसती उभी ठेवणार असाल तर आतली छोटी १२ व्होल्टची बॅटरी उतरू शकते आणि मग दारंसुद्धा उघडत नाहीत. मोठी बॅटरी भरलेली असली तरी. आमच्यावर हा प्रसंग आलाय, म्हणून लिहिलं.

ओहमचा_नियम (१२:०५)
मापल्याशिवाय व्होल्टेज की आर्थिंग यावर भांडण्यात अर्थ नाही. ताई, वाडीतला वायरमन बोलवा, मल्टिमीटर घेऊन. पंपाच्या सॉकेटवर तीन आकडे घ्यायला सांगा: फेज-न्यूट्रल, फेज-आर्थ, न्यूट्रल-आर्थ. आकडे जसेच्या तसे इथे लिहा. सॉकेटला स्वतः हात लावू नका.

निवांत (१२:१५)
मला कळत नाही एवढी घाई कशाला. सोमवारी दुकानं उघडली की वायरमन, सामान सगळं मिळेल. दोन दिवस जास्त राहा गावी, आंब्याचे दिवस आहेत.

पडवी (१२:२१)
सोमवारी सकाळी ९ वाजता सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे पुण्यात. त्यांना न्यायलाच आलोय. दोन महिने थांबून ही तारीख मिळाली आहे. अण्णा काल रात्रीपासून दर अर्ध्या तासाने अंगणात येऊन विचारतायत, "गो, दिवो हिरवो झालो काय?" त्यांना दिवा धड दिसतही नाही.

निवांत (१२:२४)
माफ करा, माहीत नव्हतं.

घाटवाट (१२:३०)
मग आधी जीव शांत करा, कारण चार्जर नाही चालला तरी तुम्ही अडकलेल्या नाही. ४० युनिटची बॅटरी, ३१ टक्के म्हणजे साधारण १२ युनिट. एका युनिटला साडेसहा किलोमीटर धरा. पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटर जाल. चिपळूण चाळीसवर आहे, तिथे डीसी (जलद) चार्जर शोधा, आणि निघण्याआधी फोन करून तो चालू आहे का विचारा. एकाच्या भरवशावर जाऊ नका, दोन शोधून ठेवा. एसी कमी, वेग ७०च्या आत.

रत्नांग्री (१२:३८)
आणि पुण्याला जाताना चिपळूणहून कुंभार्ली घाट कशाला, महाडवरून ताम्हिणीने जा. कशेडीचा बोगदा झाल्यापासून तो रस्ता सोपा झालाय. कुंभार्लीत बॅटरी संपेल.

घाटवाट (१२:४६)
ताम्हिणीतही तेवढंच चढायचं आहे, सह्याद्री कुठूनही चढा. माणसं-सामानासकट गाडी १८०० किलो धरली आणि घाट ६०० मीटर, तर निव्वळ चढायला जेमतेम तीन युनिट लागतात. डॅशबोर्डवरचा किलोमीटरचा आकडा चढावर भराभर पडतो म्हणून लोक घाबरतात. तो आकडा मागच्या काही किलोमीटरांवरून अंदाज बांधतो, पुढे सपाटी आहे हे त्याला माहीत नसतं. टक्के बघा, किलोमीटर बघू नका. कुंभार्लीने या, उंब्रजला महामार्ग लागला की चार्जरच चार्जर.

पडवी (दुपारी २:३५)
वायरमन आले. आकडे:
फेज-न्यूट्रल २१२
फेज-आर्थ १५०
न्यूट्रल-आर्थ ६२

ओहमचा_नियम (२:३९)
झालं, सापडलं. २१२ म्हणजे व्होल्टेज उत्तम आहे, स्टॅबिलायझरचा इथे संबंध नाही. फेज-आर्थ हा आकडा फेज-न्यूट्रलच्या जवळपास यायला हवा, आणि न्यूट्रल-आर्थ तीन-चार व्होल्टच्या आत. तुमचा ६२ आहे, म्हणजे आर्थची तार जमिनीला नीट पोचतच नाही. आता त्या तारेच्या मागे मागे जा. मीटरपासून आर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत. खड्डा कुठे आहे? शेवटचं पाणी कधी घातलं?

पडवी (२:४४)
कसलं पाणी? खड्डा कुठे आहे हे कोणालाच माहीत नाही. अण्णांना विचारते.

रत्नांग्री (२:५०)
बरोबर आहे हे. तुमच्याकडे जांभा असणार. पावसाळ्यात चालतं, एप्रिल-मेमध्ये कातळ सुकला की आर्थिंग मरतं. आमचा चार्जर जूनमध्ये आपोआप चालायचा, तेव्हा लक्षात आलं नाही.

ओहमचा_नियम (२:५४)
अगदी तेच. आर्थिंगचा पाइप निदान अडीच मीटर खाली जायला हवा. कातळात तेवढं कोणी खणत नाही, दोन-तीन फुटांवर थांबतात. म्हणून भोवती कोळसा आणि मीठ भरायचं आणि उन्हाळ्यात पाणी घालत राहायचं. ओल टिकली तर आर्थिंग टिकतं. आणि रत्नांग्री, तुम्ही ती वायर आज काढा, कळकळीने सांगतो.

पडवी (सायंकाळी ५:१०)
अण्णांना बरोबर आठवलं. १९९४ साली घराला वीज घेतली तेव्हा न्हाणीच्या मागे खड्डा केला होता, त्यावर नंतर सरपण रचलं. सगळं सरपण हलवलं. खाली एक पाइप, त्यावर पट्टी आणि नट-बोल्ट. नट गंजून पापुद्रे सुटलेले, तार हातात घेतली तर नुसती टेकलेली होती, धरलेली नव्हती. वायरमननी मेन स्विच बंद करून ती कापली, पॉलिश कागदाने घासली, नवीन नट लावून आवळली.
मापलं: ६२ चे २१ झाले. चार्जर लाल.
मग पाइपाभोवती वीतभर खणून दोन किलो जाडं मीठ आणि चुलीतला कोळसा घातला. विहिरीतून कळशीने पाणी. पहिल्या चार कळशा जमिनीने अशा ओढल्या की आवाज येत होता. मुलंही तांबे भरून घालत होती. अकराव्या कळशीनंतर पाणी वर साचायला लागलं. अर्ध्या तासाने मापलं: ३.
हिरवा. हिरवाच राहिलाय. पंधरा मिनिटं झाली, मी इथेच पायरीवर बसलेय.

घाटवाट (५:१३)
वा! फार बरं वाटलं.

ओहमचा_नियम (५:१६)
शाब्बास. आता दोन गोष्टी. गाडीच्या किंवा चार्जरच्या सेटिंगमध्ये करंट दहा अँपिअरवर ठेवा, त्याच्या वर नको. एक तासाने सॉकेटच्या वरच्या झाकणाला हाताची पाठ लावून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर बंद करा. तासाला साडेचार-पाच टक्के चढतील. झोपण्याआधी खड्ड्यात आणखी दोन कळशा. आणि पावसाळ्याआधी नवीन खड्डा, नवीन पाइप, करंट गळला की आपोआप बंद होणारा (लीकेज) ब्रेकर, हे सगळं करून घ्या. आजचं काम तात्पुरतं आहे.

दिवाबत्ती (५:२५)
चालू झालं हे उत्तम. तरी संध्याकाळी सातनंतर व्होल्टेज बघत राहा. पंप चालू झाले की पडतं.

पडवी (रात्री ९:३०)
दिवाबत्ती, तुमचंही खरं निघालं. आठ वाजता १८८ झालं होतं, पण चार्जर चालू राहिला. सॉकेट कोमट आहे. ५१ टक्के.

सोसायटी_क_विंग (१०:१५)
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमची सोसायटी पार्किंगमध्ये चार्जर लावू देत नाही, आग लागेल म्हणतात. काही नियम आहे का?

घाटवाट (१०:२२)
केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत घरच्या सध्याच्या जोडणीवरून गाडी चार्ज करायला मुभा आहे. त्याची प्रत सचिवांना द्या. बाकी वेगळा धागा काढा, या ताईंना झोपू दे.

पडवी (रविवार, रात्री ८:०५)
पोचलो. रात्री दोनदा वीज गेली, तरी सकाळी सहाला ८६ टक्के होते. कुंभार्लीनेच आलो. घाटात आकडा भराभर पडायला लागला तेव्हा पोटात गोळा आला होता, पण टक्क्यांवर नजर ठेवली. पायथ्याच्या पोफळीपासून माथ्यापर्यंत दहा टक्के गेले. उंब्रजला २४ होते, तिथून जवळच पन्नास मिनिटं डीसीवर लावली, ८० केले आणि निघालो. तेवढ्यात अण्णांचं जेवण झालं.
वायरमनना पाइप, कोळसा, ब्रेकर यांचे पैसे देऊन आलोय, पंधरा दिवसांत नवीन खड्डा होईल. तोवर शेजारच्या काकू रोज दोन कळशा घालणार आहेत.
ओहमचा_नियम, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. उद्या नऊला ऑपरेशन.

रत्नांग्री (८:४०)
मीही काल ती वायर काढली. खड्डा शोधतोय. आमच्यात आता कोणाला आठवत नाही कुठे आहे. मीटरपासून तार भिंतीत गेलीय आणि पुढे दिसत नाही. ओहमसाहेब, ती कशी शोधायची?

ओहमचा_नियम (८:४४)
भिंतीच्या बाहेरच्या बाजूने जमिनीलगत बघत जा. बऱ्याचदा गंजलेली पट्टी वीतभर वर आलेली असते. नाही मिळाली तर शोधत बसू नका, नवीन खड्डाच घ्या. जागा न्हाणीच्या सांडपाण्याजवळ धरा, ओल आपोआप राहील. घराचा फोटो टाका, सांगतो.