मदत हवी आहे : तयार पेपर पॅटर्नवरून १८१० च्या धर्तीचा झगा, पाठीचं गणित सुटत नाहीये

नमस्कार मंडळी. मी ब्रिस्टॉलला राहते. जवळच्या बाथमध्ये दर सप्टेंबरात लोक रीजन्सी काळातले (इंग्लंडमधल्या १८१०च्या आसपासचे) कपडे घालून मिरवणुकीने शहरभर फिरतात. यंदा स्वतः शिवलेला पांढऱ्या मलमलीचा झगा घालून जायची फार इच्छा आहे. त्या काळी तिथे नावाजलेली तलम मलमल ढाक्याची असायची, त्यामुळे दुसरं कापड मनातच येत नाही.

हाताशी आहे तो छातीखाली कंबर असलेल्या आजच्या ड्रेसचा पॅटर्न. पुढचा भाग जमला. टक्स काढून चुण्या घेतल्या, गळ्याला नेफा करून नाडी ओवली. मागची चेन रद्द, तिथेही नाडीच. घेर पुढे सपाट ठेवून सगळ्या चुण्या पाठीच्या मध्यावर आणल्या.

अडलंय ते पाठीवर. त्या झग्यांची पाठ खूप अरुंद असते. खांद्याची शिवण मागे उतरलेली, बाजूच्या शिवणी मुंढ्यापासून (बाही जोडतात त्या गोलापासून) वळत कमरेशी जवळ येतात आणि मधला तुकडा शंकरपाळ्यासारखा दिसतो. त्यासाठी पाठीच्या खांद्यावरची तिरकी पट्टी (गळ्याशी १ सेंमी, मुंढ्याशी ४) कापून पुढच्या भागाला जोडली. मग मुंढ्याकडून पाठ दोन्ही बाजूंना अडीच सेंमी कमी केली. मांजरपाटात शिवून पाहिलं. नुसतं उभं राहिलं की सुरेख बसतं, पण हात पुढे घेतला की पाठ ताणते, काखेत ओढ बसते आणि कंबर वर चढते.

मुंढा आणखी खोल कापू का? पाठ पुन्हा रुंद करायची मनापासून इच्छा नाही. या झग्याचं सगळं रूप त्या पाठीत आहे.

प्रतिसाद : मुंढा खोल अजिबात करू नका, उलट वर घ्या. आजच्या पॅटर्नमध्ये तो काखेच्या बराच खाली असतो, म्हणून हात उचलला की अख्खा वरचा भाग सोबत जातो. आपला अंगाबरोबर बसणारा ब्लाउज घालून बघा, मुंढा काखेला लागून असेल तर हात मोकळा फिरतो. काखेखाली दीड-दोन सेंमी कागद जोडा. बाहीच्या काखेकडच्या दोन्ही टोकांनाही तेवढाच.

दुसरं म्हणजे पाठीतून कापलेले अडीच सेंमी कुठे गेले? ते बाहीला मिळायला हवेत. बाहीचा मागचा गोल तेवढा वाढवा, खांद्याची खूण ४ सेंमी मागे न्या आणि चुण्या त्या खुणेच्या आसपास, मागच्या बाजूला धरा. अरुंद पाठीच्या झग्यात हाताला लागणारी ढील बाहीतून येते, पाठीतून नाही. बाही उरेब (कापडाच्या तिरक्या दिशेत) कापलीत तर आणखी सोपं.

प्रतिसाद : मापं कशावर घेतलीत? आत त्या काळासारखे स्टेज (stays, छातीला आधार देणारं कॉर्सेटसारखं अंतर्वस्त्र) घालणार असाल तर छाती वर उचलली जाते आणि कमरेची शिवणही सरकते.

मूळ प्रश्नकर्ती : स्टेज आधी शिवले, मापं त्यावरच घेतली. मुंढा वर घेऊन बाही बदलली. फरक थक्क करणारा आहे! हात डोक्यापर्यंत जातो आणि पाठ जागची हलत नाही. दोघांचेही मनापासून आभार. आता अस्तर पूर्ण झग्याला देऊ की फक्त वर?

प्रतिसाद : फक्त वरच्या भागाला, पातळ सुती किंवा लिननचं. घेराला अस्तर दिलंत तर मलमलीचा झोळ मरतो, त्याऐवजी आत वेगळा परकर घाला. बाहीही बिनअस्तराची ठेवा. मुंढ्याची माया (शिवणीबाहेर सोडलेलं जास्तीचं कापड) शिवण पक्की होईपर्यंत दीड सेंमीच असू द्या, नंतर कापून हाताने दुमडा.