मुंबई-नागपूर फक्त ६८० किमी, मग विमानाला दीड तास कसा काय?

डोंबिवलीचा_डबा
मंडळी, पुढच्या महिन्यात मावसबहिणीचं लग्न आहे नागपूरला, आईबाबांना घेऊन जायचंय. हवाई अंतर ६८० किमीच्या आसपास दाखवतंय आणि तिकिटावर वेळ दीड तासाच्या वर. विमान ताशी ८०० नी जातं ना, मग तासाच्या आत व्हायला हवं, उरलेला वेळ जातो कुठे?? आणि समृद्धी ७०१ किमी म्हणजे जवळपास तेवढंच, मग गाडीच काढू का? बाबांची पाठ दुखते हे पण धरा.

घिरट्या
८०० चा स्पीड वर गेल्यावर हो. तिकिटावरची वेळ म्हणजे विमान गेटवरून मागे ढकललं की घड्याळ चालू आणि नागपूरला पार्क झालं की बंद. मुंबईत रनवे दोन आहेत पण एकमेकांना कापतात म्हणून एका वेळी एकच वापरतात, मग लागली रांग. त्यात टेकऑफ बहुतेकदा समुद्राकडे, म्हणजे नागपूर पूर्वेला आणि आपण आधी जुहूवरून पश्चिमेला, मग वळसा. १०,००० फुटांखाली २५० नॉटच्या म्हणजे ताशी ४६० किमीच्या वर सहसा जाऊ देत नाहीत. येताना तर हिवाळ्यात समोरून पश्चिमेचा वारा, वर मुंबईत उतरायला नंबर लागायचा. मी एकदा अर्धा तास तेच तेच डोंगर खाली बघत गोल फिरलोय 😑

वऱ्हाडी_ठेचा
काहून गाडी काढता भाऊ? ते ७०१ भिवंडीजवळच्या आमण्यापासून मोजलेत, मुंबईपासून नाही. तुम्हाला आमणे जवळ पडते म्हणा, पण रस्ता इतका सरळ आहे का डोळा लागते माणसाचा. लिमिट १२० असली तरी म्हातारी माणसं सोबत घेऊन, थांबत थांबत नऊ तास धराच. सोनेगावचं एअरपोर्ट शहरातच आहे, मेट्रो पण आहे तिकडे.

कसारा_लोकल
दीड तास दीड तास काय करताय, डोंबिवलीहून एअरपोर्टला दीड-दोन तास, तिथे दोन तास आधी, उतरून बॅगेची वाट, झाले की साडेपाच-सहा. नवी मुंबईवरून पण विमानं सुरू झालीत, ते जवळ पडेल, बघा. नाहीतर सरळ विदर्भ एक्सप्रेस. रेल्वेने ८३७ किमी आहे, मनमाड-भुसावळ-वर्धा करत जाते ना, पण संध्याकाळी कल्याणला बसा, सकाळी नागपूर, पाठ आडवी. लोअर बर्थ मिळवा म्हणजे झालं.

डोंबिवलीचा_डबा
घरी विचारलं. बाबा म्हणाले झोपून जायचं तर ट्रेनच. आईला मात्र खिडकीतून वरून जुहू बघायचाय 😀 म्हणून जाताना ट्रेन, येताना विमान असं ठरवतोय.

घिरट्या
अहो मग जुहू कसा दिसणार? उतरताना बहुतेकदा पूर्वेकडून, घाटकोपरच्या छपरांवरून येतं विमान. उलटं करा, जाताना विमान.

डोंबिवलीचा_डबा
बरं झालं सांगितलंत, तिकीट काढायला बसलोच होतो.